पगारे मॅडमांचा ळ

परवा कॉलेजात डोकावलो. निवृत्त माणसाने जुन्या नोकरीच्या जागी फार डोकावू नये हे मला कळतं, पण शेजारच्या बँकेत काम होतं आणि पाय तिकडे वळले. प्राणिशास्त्राच्या वर्गात एक तरुण सर शिकवत होते. छान शिकवत होते, पोरंही ऐकत होती. फक्त ते अळीला 'अली' म्हणत होते. एकदा नाही, दर वेळी. मी मराठीचा माणूस, असल्या गोष्टींनी माझं डोकं फिरतं. त्या दिवशी मात्र राग आला नाही. व्हरांड्यात उभ्या उभ्या मला पगारे मॅडमांचा ळ ऐकू आला.

सुलभा पगारे याच वर्गात शिकवायच्या. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. झोपेतच गेल्या, कुणाला पाणी द्यायलासुद्धा उठवलं नाही. शोकसभेत त्यांच्या शिस्तीवर आणि विद्यार्थिप्रेमावर भाषणं झाली. ळबद्दल कुणी बोललं नाही. बोलणार कोण, ती गोष्ट मला, माझ्या आईला आणि आणखी एकालाच माहीत.

मॅडमांचा ळ ऐकला नाही त्याने ळ ऐकलाच नाही, असं मी स्टाफरूममध्ये म्हणायचो. अळी, नळी, पोकळी, डोळा. प्रत्येक ळला त्यांची जीभ टाळूला जाऊन अशी आपटायची की मागच्या बाकावरचा पेंगणारा पोरगा जागा व्हायचा. गोगलगायीचं वेटोळं शिकवायच्या त्या दिवशी तर खिडकीबाहेर दुसऱ्या वर्गातली पोरं उभी राहायची. पोरं नक्कल करायची, 'वेटोळ्ळं, वेटोळ्ळं.' मॅडम रागवायच्या नाहीत. थांबून म्हणायच्या, "जीभ अजून थोडी मागे ने. हां, तिथे." नक्कल करणाऱ्याची पंचाईत व्हायची.

बुटक्या, सुती साडी, साडीखाली पांढरे बूट. अंडी उबवायची प्रयोगशाळेतली पेटी होती, त्यात अंडी कमी आणि दही जास्त लागायचं. दुपारच्या सुट्टीत स्टीलच्या भांड्यात दूध घेऊन त्या करंगळी बुडवून बसायच्या. दूध कढत असेल तर विरजण मरतं, गार झालं तर लागत नाही. मधे थोडा वेळ असतो, त्यात दूध विरजणाचं ऐकतं. "देवरे सर, जगात सगळीकडे हे एवढंच आहे," म्हणून त्या करंगळी पदराला पुसायच्या.

हे त्यांचं वेड होतं. कुठल्याही वाढणाऱ्या गोष्टीला एक काळ असा येतो की बाहेरून जे मिळेल ते तिच्यात मुरतं. तेच नंतर दिलं तर वरून वाहून जातं. कोंबडीचं पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर जे हलताना दिसेल त्याला आई मानतं. आळशी डोळा लहानपणी चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून कामाला लावता येतो, मोठेपणी अवघड जातं. कांद्याचं रोप अमुक एवढं वाढलेलं असताना थंडी लागली तर त्याला कांदा धरायच्या ऐवजी डेंगळे येतात, म्हणजे फुलाचे दांडे, आणि मग तो कांदा बाजारात कुणी घेत नाही. मॅडमांचं म्हणणं, डोळ्याचे डॉक्टर, कांदेवाले, मानसशास्त्रवाले, बालवाडीच्या बाई, सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलतात आणि एकमेकांशी मात्र बोलत नाहीत.

मानसशास्त्राचे कुलकर्णी सर त्यांचे खास भांडणाचे गडी. उंच, शांत, दर वाक्याआधी चष्मा पुसणारे. भांडण एका शब्दाचं. कुलकर्णी म्हणायचे, याला 'निर्णायक काळ' म्हणा. तो संपला की दार बंद, विषय संपला. मॅडम म्हणायच्या, नाही, 'संवेदनशील टप्पा' म्हणा. "दार बंद होत नाही हो कुलकर्णी. जड होतं. जोर लावावा लागतो." वर्षानुवर्षं हेच. आम्ही बाकीचे डबे खात ऐकायचो. मला वाटायचं, शब्दासाठी एवढा जीव टाकणारी बाई मराठी विभागात यायची, चुकून प्राण्यांत गेली.

एकदा मॅडमांनी पिल्लांचा प्रयोग लावला. अंडी फुटायची त्या दिवशी आपण समोर असायचं असं त्यांनी ठरवलं होतं, पण प्राचार्यांनी नेमकी बैठक बोलावली. अंडी फुटली तेव्हा समोर होते प्रयोगशाळेचे भोयेमामा, पेठकडचे, पायात निळी रबरी चप्पल. बैठक संपवून मॅडम धावत आल्या तर मामा व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते आणि मागे पिल्लांची रांग.

"मॅडम, ही माझ्या मांगं मांगंच येतात," मामा रडकुंडीला आले होते. "मला जरा तिकडं जायचं हाय, तिथंही येतात. मी काय कोंबडी हाय का?"

"आता तुम्हीच आई, मामा. काही इलाज नाही."

कुलकर्णींनी चष्मा पुसला. "बघा. दार बंद. आता ती तुम्हाला विचारणार नाहीत."

 पुढचे कितीतरी दिवस तास संपला की मॅडम प्रयोगशाळेत फरशीवर पाय पसरून बसायच्या. शेजारी दाण्यांची वाटी, तोंडाने कुक कुक. आम्ही दारातून डोकावून हसायचो. शेवटी एक पिल्लू, सगळ्यात किडमिडीत, मामांची चप्पल सोडून त्यांच्या मागे जायला लागलं. तेही मनात आलं तर. मॅडम त्याला घेऊन थेट मानसशास्त्र विभागात गेल्या आणि कुलकर्णींच्या टेबलावर ठेवलं. "एक तरी आलं ना?" एवढंच म्हणाल्या. त्या वेळी त्यांचे डोळे भरले होते. मी म्हटलं, एका पिल्लासाठी रडायचं म्हणजे अतीच झालं. पिल्लाने कुलकर्णींच्या टेबलावर जे करायचं ते केलं आणि विषय हसण्यावारी गेला.

मग मॅडमांनी सगळ्यांना एकत्र बसवायचं ठरवलं. चर्चासत्र. फाटकावर भला मोठा फलक लागला: 'संवेदनशील टप्पा: सर्व शाखांचा एकत्रित विचार'. शब्द त्यांचे, शुद्धलेखन माझं. दिवस निवडणुकीचे आहेत हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही. उद्घाटनाचं तेल समईत पडतंय तोवर फाटकाशी पोलिसांची गाडी.

"हा कुठला टप्पा संवेदनशील आहे?" हवालदाराने मला विचारलं. "आमच्या यादीत नाही हा. केंद्र कुठलं?"

मी सांगायला लागलो की हे मतदानाचं नाही, पिल्लांचं आहे, कांद्याचं आहे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच गप्प झालो. मॅडम पुढे आल्या, त्याला हाताला धरून आत नेलं, पहिल्या रांगेत बसवलं, चहा दिला. तो बिचारा दोन भाषणं होईतो टोपी मांडीवर ठेवून बसला, तिसऱ्याला डुलक्या काढायला लागला. जाताना त्याने सहभागाचं प्रमाणपत्र मागून घेतलं. मुलीला दाखवतो म्हणाला.

त्या सत्रात मॅडमांनी आपला लाडका शब्द बाहेर काढला: वाफसा. पाऊस झाल्यावर जमीन लगेच नांगरता येत नाही, चिखल असतो. फार थांबलं तर ढेकळं होतात. मधे माती अशी होते की औताला लोण्यासारखी लागते. तो वाफसा. मॅडम म्हणाल्या, सगळ्या शाखांनी हा एकच शब्द घ्यावा, आपल्याकडे पहिल्यापासून आहे. टाळ्या पडल्या. मीही जोरात वाजवल्या, शब्द सुरेखच होता.

कुलकर्णी उठले. आवाज न चढवता म्हणाले, "मॅडम, वाफसा गेला तर पाणी भरता येतं. पुन्हा येतो. बालपण कसं पुन्हा येईल?"

 व्यासपीठावर मॅडम उभ्याच राहिल्या, हातातला कागद खाली गेला. शेवटी 'धन्यवाद' म्हणून खाली बसल्या. ळ नसलेला शब्द, पण तोही त्या दिवशी नीट उमटला नाही.

नंतरच्याच आठवड्यातली गोष्ट. माझी आई सटाण्याला असते, रोज दुपारी फोन करते. मी घरचा अहिराणी बोलणारा, पण स्टाफरूममध्ये कोपऱ्यात तोंड करून बोलायचो. मराठीच्या मास्तरला 'आहे'च्या जागी 'शे' म्हणताना कुणी ऐकलं तर उगाच चेष्टा. त्या दिवशी आईने जेवलास का विचारलं आणि मी म्हटलं, "हा माय, जेवी लिधं. आते तास शे मन्हा." फोन ठेवून वळलो तर मागे पगारे मॅडम. हातात दुधाचं भांडं, करंगळी दुधात तशीच.

"पुन्हा म्हणा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"जे म्हणालात ते."

मग त्यांनी सांगितलं. मॅडम मूळच्या नामपूरच्या. आई सारखी आजारी, म्हणून लहानपणी त्यांना फुईने सांभाळलं. फुई म्हणजे आत्या. तिने कडेवर घेऊन फिरवलं, तिनेच बोलायला शिकवलं, अर्थात अहिराणी. शाळेत घालायच्या वयाला वडलांना ओझरच्या विमानाच्या कारखान्यात नोकरी लागली आणि सगळे वसाहतीत राहायला गेले. तिथे पोरांनी या मुलीचं नाव ठेवलं 'शेशे'. अहिराणीत ळ नाही, त्याचा य होतो. केळी नाही केयी, शाळा नाही शाया. वर्गात बाईंनी डोळ्याचं चित्र दाखवून विचारलं हे काय, तर ही म्हणाली 'डोया', आणि अख्खा वर्ग हसला. घरी येऊन रडली. वडील म्हणाले, आजपासून घरात शुद्ध बोलायचं. त्यांचंही काय चुकलं, पोरीला हसू नये कुणी, एवढंच त्यांना हवं होतं. आरशासमोर उभी राहून ती तासन्‌तास ळ म्हणायची. वर्षभरात ळ आला आणि अहिराणी गेली.

"गेली म्हणजे पूर्ण गेली, सर. ऐकली की कळते, बोलायला गेले की तोंडात काही नसतं."

"मग त्यात एवढं काय? मराठी आहे ना."

तेव्हा त्यांनी खरी गोष्ट सांगितली. फुई अजून नामपूरला होती. मॅडम दर वर्षी भेटायला जायच्या. आणि फुई त्यांना 'तुम्ही' म्हणायची. शहरातून मॅडम आल्या, कॉलेजात शिकवतात, पोरं पाया पडतात, म्हणून म्हातारी खुर्ची पुसून द्यायची आणि तोलून मापून, जमेल तशी शुद्ध मराठी बोलायची. बसा. चहा घ्या. तब्येत कशी आहे तुमची?

"जिने मला धुतलं-पुसलं ती मला पाहुणी समजते," मॅडम म्हणाल्या. "तिच्या तोंडून एकदा 'तू' ऐकायचंय मला. मी मराठीत बोलते तोवर ती म्हणणार नाही. आणि कुलकर्णी म्हणतात दार बंद."

मला एकदम ते किडमिडीत पिल्लू आठवलं. मी चहा मागवला.

तेव्हापासून दुपारची शिकवणी सुरू झाली. मी मास्तर, पण खरी शिकवणारी माझी आई, फोनवरून. दोघी बघता बघता मैत्रिणी झाल्या. मॅडम मन लावून शिकायच्या आणि फार वाईट बोलायच्या. प्रत्येक वाक्याच्या शेवटी शे. "मी पाणी पिते शे. मी घरी जाते शे." मी म्हटलं, "मॅडम, शे म्हणजे मीठ नाही, सगळ्यावर भुरभुरायला." फोनमधून आई म्हणायची, "नाव ठेवू नको रे, शिकी राहिनी बिचारी." व्याकरण हळूहळू बसलं. ळ मात्र जाईना. केयी म्हणायला जायच्या आणि जीभ आपोआप टाळूला जाऊन आपटायची, 'केळी'. लहानपणी इतका घोटला होता तो की निघता निघेना. हसायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायच्या. कुलकर्णींना यातलं काही सांगायचं नाही, अशी मला ताकीद होती.

निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच रविवारी मला म्हणाल्या, "चला नामपूरला. मास्तर सोबत असलेला बरा." माझ्या गाडीने निघालो. ओझरला वसाहतीकडे जाणारा रस्ता आला तेव्हा त्यांनी काच खाली केली, बघितलं, काच वर केली. पुढे सटाण्याला माझ्या आईला नमस्कार केला. आईने त्यांच्या हातात शेवेचा पुडा दिला आणि कानात काहीतरी सांगितलं. गाडीत त्या पूर्ण वेळ पुटपुटत होत्या, तोंडी परीक्षेला निघालेल्या पोरीसारख्या.

फुईचं घर वस्तीच्या टोकाला. पुढे पक्क्या दोन खोल्या, मागे पडवीत चूल. फुई वाळलेली, कमरेत वाकलेली, नजर मात्र तल्लख. मॅडमांना बघितल्याबरोबर खुर्ची पुसली. "या, बसा. लय दिवसांनी आल्या तुम्ही."

मॅडम उभ्याच राहिल्या. एक श्वास घेतला आणि पाठ केलेलं वाक्य म्हणाल्या, "फुई, तू कशी शे? मी तुले भेटाले उनू."

वाक्य बिनचूक होतं, मी मार्क दिले असते. पण इतकं सावकाश आणि स्वच्छ आलं की फलक वाचल्यासारखं वाटलं. फुई क्षणभर गोंधळली, मग नम्रपणे हसली. "बरी आहे. तुमच्या सरांनाबी बसू द्या. चहा ठेवते."

मॅडमांचा चेहरा मला बघवला नाही. एवढी मेहनत, आणि म्हातारीला वाटलं, शहरातल्या मॅडम गंमत म्हणून आपली बोली बोलून बघतात. मी उगाच भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बघत बसलो. फुई मागे गेली. मॅडम थोडा वेळ खुर्चीत बसल्या, मग उठून तिच्या मागोमाग गेल्या. मदत करायला म्हणून गेल्या असतील, की माझ्यासमोर बसवत नव्हतं म्हणून, मला माहीत नाही.

पडवी मला दारातून दिसत होती. फुईने चुलीत तुराट्या सारल्या होत्या, ओल्या असाव्यात, धूर धरला होता. मॅडम खाली वाकल्या, फुंकणी घेतली आणि जोरात फुंकलं. सगळा धूर तोंडावर आला. त्या मागे बसल्या आणि डोळ्यावर हात दाबून ओरडल्या,

"माय वं! मन्हा डोया!"

फुईच्या हातातली साखरेची डबी थांबली.

मीही थांबलो. तो शब्द आम्ही शिकवणीत कितीदा घोटला होता, एकदाही आला नव्हता. हा आवाजही मॅडमांचा नव्हता, एखाद्या लहान पोरीचा होता.

फुई डबी खाली ठेवून सरकली, पदराचं टोक तोंडाच्या वाफेने गरम केलं आणि मॅडमांच्या डोळ्यावर धरलं. "सरक मांगे, सुली. धाकली व्हती तवय भी अशीच चूलमा तोंड घाले तू." लहान होतीस तेव्हाही अशीच चुलीत तोंड घालायचीस, असं म्हणत होती ती. मग दुसरा डोळा पुसला. "तू सुधरनी नई."

मॅडम हसत होत्या की रडत होत्या, कळत नव्हतं. धूर होता म्हणून दोन्ही चालून गेलं. नंतर दोघी बोलत राहिल्या. मॅडमांचं व्याकरण पार कोलमडलं होतं, अर्धं अहिराणी, अर्धं मराठी, क्रियापदं कुठेही. फुई दर वाक्याला चूक काढत होती, हसत होती, आणि तू, तू, तू. मी चुका मोजायच्या सोडून दिल्या.

ऊन कलायला लागलं तसा मी उठलो. मॅडम फाटकापर्यंत आल्या. चेहऱ्यावर काजळी, साडीला राख, पांढरे बूट कुठेतरी काढून ठेवलेले.

"चला ना," मी म्हटलं.

"तुम्ही निघा. मी दोन दिवस राहते." थांबल्या, मग दुरुस्त केलं, "मी राहस." हसल्या. "आणि कुलकर्णींना सांगा..."

आतून हाक आली. "सुली वं! चहा थंडा व्हई राहिना."

"उनू वं फुई," मॅडम म्हणाल्या आणि निरोप तसाच अर्धा सोडून आत गेल्या.

नंतर त्या फोनवर भेटत राहिल्या, आईशी तर रोजच. प्रत्यक्षात पुन्हा भेट झाली नाही. दोन दिवसांचं राहणं लांबत गेलं, फुईच्या शेवटपर्यंत त्या तिथेच होत्या. कुलकर्णींना मी सांगितलं की मॅडमांनी तुमच्यासाठी निरोप दिलाय, पण तो अर्धाच आहे.

"काय आहे अर्धा?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना डोया सांगितला. सगळं सांगितलं, धूर, पदर, सुली. कुलकर्णींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला, आणि घातलाच नाही बराच वेळ.

"दार जड आहे म्हणायचं तर," ते शेवटी म्हणाले.